शेतात चोर शिरला तर किती मारायचं?



पंधरा दिवसांपासून एक मेसेज शेतकऱ्यांच्या सगळ्या ग्रुपवर फिरतोय. नवीन कायद्यानं रात्री घरात, गोठ्यात नाहीतर शेतात चोर शिरला तर त्याला जागेवर मारलं तरी गुन्हा लागत नाही, पोलीस अटकसुद्धा करू शकत नाहीत, असं त्यात लिहिलंय. माझ्याकडं तो अकरा जणांनी पाठवला. त्यातले तिघे तरी असे आहेत, की हे वाचून खरंच कोयता उशाला घेऊन झोपतील. म्हणून आज कांद्याचं, खताचं काही लिहीत नाही. हे लिहितो.

मेसेज निम्मा खरा आहे, आणि घोळ तिथंच होतो. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता लागू झाली. त्यात कलम ३४ ते ४४ आपला जीव आणि माल राखायच्या हक्काचे आहेत. वकील त्याला खाजगी संरक्षणाचा हक्क म्हणतात. पण हे काही नवीन नाही. इंग्रजांच्या १८६० च्या दंड संहितेत हेच सगळं ९६ ते १०६ कलमांत होतं. आकडे बदलले, मजकूर बहुतेक तोच राहिला. आमचे एक पाहुणे शिवाजीनगर कोर्टात वकिली करतात. त्यांच्याकडं अख्खा रविवार बसून एकेक कलम समजून घेतलं. मी दहावी पास माणूस, त्यामुळं मला कळलं ते तुम्हाला नक्की कळेल.

कायदा म्हणतो, स्वतःच्या अंगावर आलेला हल्ला परतवताना केलेली गोष्ट गुन्हा नाही. स्वतःच्याच नाही, दुसऱ्याच्या अंगावरचाही. शेजारच्या वस्तीवरच्या म्हातारीला कोणी मारत असेल आणि तुम्ही मधी पडला तर तुम्हालाही तोच हक्क आहे. मालाचंही तसंच, चोरी, दरोडा, नासधूस आणि घुसखोरी यांच्याविरुद्ध. समोरचा माणूस वेडसर असेल, दारू पिऊन तर्र असेल, तरी तुमचा हक्क कमी होत नाही.

जीव घेण्यापर्यंत हा हक्क कधी जातो, तेही लिहिलंय. कलम ३८ मध्ये सात प्रसंग आहेत. मरण येईल अशी भीती, जबर दुखापतीची भीती, बलात्कार, अनैसर्गिक अत्याचार, पळवून नेणं, डांबून ठेवणं, आणि ॲसिड टाकणं. शेवटचं २०१३ मध्ये घातलं गेलं. आपल्याकडं बाया पहाटे अंधारात फुलं तोडायला, भाजी काढायला रानात जातात. त्यांना हे कलम कोणी सांगत नाही. आपण गडीमाणसं चोराच्या गप्पा मारतो. बाईवर हात टाकणाऱ्याला तिनं खुरप्यानं मारलं आणि तो मेला, तर कायदा तिच्या बाजूनं उभा राहू शकतो, हे वस्तीवरच्या प्रत्येक पोरीला माहीत पाहिजे.

दुसरी एक गोष्ट मला आवडली. आपला कायदा तुम्हाला पळून जा म्हणत नाही. सुप्रीम कोर्टाचा २०१० चा निकाल आहे, दर्शन सिंग विरुद्ध पंजाब राज्य. वाद आपल्यासारखाच, शेतजमिनीचा. बापाच्या डोक्यात शस्त्राचा घाव बसला, आणि पोरानं बंदूक चालवली. कोर्टानं त्याला सोडलं. आणि सांगितलं, की संकट अंगावर आलं असताना माणसानं भित्र्यासारखं पळावं अशी अपेक्षा कायदा करत नाही. मारताना एक फटका जास्त पडला का, हे सोनाराच्या काट्यावर तोलत बसायचं नसतं, असंही कोर्टांनी अनेकदा म्हटलंय. रात्री दोन वाजता, बॅटरीच्या उजेडात, हातपाय थरथरत असताना कोण मोजून मारणार?

इथपर्यंत मेसेजवाल्याचं बरोबर आहे. पुढचं त्यानं लिहिलंच नाही.

कलम ३७ वाचा. जेवढी गरज आहे त्याच्यापेक्षा जास्त इजा करायचा हक्क कोणालाच नाही. आणि पोलिसांकडं जायला वेळ होता तर हक्कच नाही. बाकीच्या सगळ्या कलमांच्या मानगुटीवर हे एक कलम बसलंय. मालासाठी जीव घ्यायची मोकळीक कलम ४१ मध्ये आहे, पण ती फार थोड्या जागी आहे. दरोडा, सूर्यास्तानंतर आणि सूर्योदयाआधी केलेली घरफोडी, राहत्या घराला किंवा माल ठेवलेल्या जागेला आग लावणं. साधी चोरी असेल, तर ज्या चोरीत आपला जीव जाईल किंवा जबर मार बसेल अशी खरी भीती आहे, तेवढीच. म्हणजे कुलूप तोडून रात्री खोलीत शिरणारा वेगळा, आणि उघड्या विहिरीवरून मोटार काढणारा वेगळा. मेसेजमध्ये ‘घरात, गोठ्यात नाहीतर शेतात’ असं एका दमात लिहून टाकलंय, कायद्यात ते एका दमात नाही.

आपल्याकडं हडपसर, मांजरी, फुरसुंगी, वडकी या पट्ट्यात जास्त चोऱ्या कशाच्या होतात? पाणबुडी मोटार, स्टार्टर, आणि केबल. केबल कापून जाळायची आणि तांबं भंगारात घालायचं. चोर येतो तेव्हा सहसा दोघं असतात, हातात कटर असतो, आणि बॅटरी पडली की पळतात. आता तुम्हीच सांगा. मोटार खांद्यावर घेऊन पळतोय, तुम्ही आडवा होऊन काठी घातली, मोटार पडली. हे कायद्यात बसतं, कारण माल घेऊन तो निसटत नाही तोपर्यंत माल राखायचा हक्क चालू असतो. पण त्यानं मोटार टाकली आणि उसात शिरला. तुम्ही पाठलाग करून, चौघांनी धरून, विहिरीपाशी आणून, हातपाय मोडले. हे काय संरक्षण झालं? माल तुमच्या पायाशी पडलाय, माणूस पाठमोरा आहे. आता तुम्ही राखण करत नाही, तुम्ही शिक्षा देताय. शिक्षा द्यायचा अधिकार तुम्हाला मिळालेला नाही.

यावरही जुना निकाल आहे. १९६२, जयदेव विरुद्ध पंजाब राज्य. तोही शेताचाच. ज्यांच्या ताब्यात रान होतं त्यांच्यावर गावातला जमाव चालून आला, आणि त्यांनी गोळ्या झाडल्या. कोर्टानं म्हटलं, जमाव अंगावर येत होता तोपर्यंत हक्क होता. जमाव पळायला लागला त्या क्षणी हक्क संपला. पळणाऱ्यांवर ज्यांनी गोळ्या घातल्या ते दोषी ठरले. एकच भांडण, एकच रान, थोड्याच वेळाचा खेळ. आधीची गोळी माफ, नंतरची नाही. माझ्या मते सगळा कायदा या एका निकालात आहे. धोका आहे तोवर हात उचला, धोका वळला की हात खाली.

पोरांना हे सांगितलं की चिडतात. माझा पुतण्या म्हणतो, “तात्या, म्हणजे चोराला सोडून द्यायचं?” नाही रे बाबा. धरायचं. धरायचा हक्क वेगळा आहे, आणि तो आपल्याला आहे. नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ४० प्रमाणं, डोळ्यांदेखत दखलपात्र आणि अजामीनपात्र गुन्हा करणाऱ्याला साधा माणूसही पकडू शकतो. पण विनाकारण उशीर न करता, आणि जास्तीत जास्त सहा तासांत, पोलिसांच्या ताब्यात द्यायचा. ही सहा तासांची अट नवीन आहे. मेसेजवाल्यानं नवीन सांगायचंच होतं तर हे सांगायला पाहिजे होतं. पकडून रात्रभर झाडाला बांधून ठेवायचा, सकाळी सगळी वस्ती येऊन एकेक हात साफ करणार, व्हिडिओ निघणार, हे त्यात बसत नाही. आणि तो व्हिडिओच उद्या तुमच्याविरुद्ध पुरावा होतो. काढणारा बहुतेक तुमच्याच भावकीतला असतो.

२०२४ च्या जून-जुलैत आपल्या जिल्ह्यात रात्रीचे ड्रोन फिरतात म्हणून गावोगाव गस्त सुरू झाली होती, आठवतंय ना. चोर ड्रोननं घरं हेरतात अशी बोंब होती. आमच्या वस्तीवरही पोरं बांबू घेऊन कॅनॉलच्या कडंनं फिरायची. गस्तीला माझा विरोध नाही. गस्त असली की भुरट्या चोऱ्या कमी होतात. पण त्या दिवसांत एक माणूस यांच्या तावडीत सापडला. पाठीवर बॅग, मोबाईलची बॅटरी लावून कॅनॉलच्या रस्त्यानं चाललेला. विचारलं तर घाबरून नीट बोलेना. दोन-तीन जणांनी कानाखाली काढल्या. एकानं बांबू उगारला तेवढ्यात एका म्हाताऱ्यानं बॅग उघडायला लावली. बॅगेत सिक्युरिटी गार्डचा ड्रेस, डबा, आणि अर्धी भाकरी. एका मोठ्या सोसायटीत रात्रपाळी करून, रिक्षाचे पैसे वाचवायला चालत खोलीवर निघालेला. मराठवाड्यातला माणूस, घरी दोन एकर कोरडवाहू. म्हणजे आपल्यातलाच शेतकरी. पोरांनी पाणी दिलं, सोडलं. म्हातारा त्या रात्री जागा नसता तर काय झालं असतं, हे मी मुद्दाम इथं लिहितो, कारण त्या पोरांतले चारजण हे पान वाचतात.

काय झालं असतं ते धुळ्यात झालंच आहे. १ जुलै २०१८, साक्री तालुक्यातलं राईनपाडा. नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं, भिक्षा मागत फिरणारी, बहुतेक मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी आलीय अशी मोबाईलवर अफवा होती. बाजारात लोकांनी धरलं, ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडलं, आणि पाचही जण मारले. १६ एप्रिल २०२० ला पालघरच्या गडचिंचल्याला तसंच, दोन साधू आणि त्यांचा ड्रायव्हर. दोन्हीकडं मारणाऱ्यांना वाटत होतं की आपण आपलं गाव राखतोय. राईनपाड्यात तर माणसं खोलीत बंद होती हो! बंद खोलीतल्या माणसापासून कोणाला धोका होता?

इथं कोणी म्हणेल, पण भीती खरीच होती ना. चुकून झालं तर कायदा माफ करत नाही का? करतो, पण एका अटीवर. चांगल्या हेतूनं वागलो म्हणायचं असेल तर पुरेशी काळजी घेतली होती हे दिसलं पाहिजे. बॅग उघडून बघणं ही काळजी झाली. फॉरवर्ड वाचून बांबू उचलणं ही काळजी नाही. आता खरं सांगायचं तर कोर्टानंही या बाबतीत एकदा फार मोठं मन दाखवलंय. ओरिसा हायकोर्टाचा जुना निकाल वकील पाहुण्यांनी सांगितला. एक गुरखा रात्री भुतं बघायला गेला. लांब उजेड हलताना दिसला, भोवती सावल्या नाचतायत असं वाटलं, आणि त्यानं भुतं समजून खुकरी चालवली. त्या आदिवासी बाया होत्या, कंदील ठेवून मोहाची फुलं वेचत होत्या. एक बाई गेली. कोर्टानं त्याला सोडलं, कारण त्याला खरंच भुतं वाटली होती. असेल कायद्यानं बरोबर. मला काही पटत नाही. रात्री फुलं वेचणाऱ्या बायांनी मग कोणाच्या भरवशावर बाहेर पडायचं?

आता तारेचा विषय. हा काहीजणांना झोंबेल, झोंबू दे.

डुकरं येतात म्हणून रानाभोवती साधी तार ओढायची आणि त्यात थेट खांबावरून आकडा टाकून करंट सोडायचा, हे आपल्या जिल्ह्यात चालतं. चोरासाठी मोटारीच्या खोलीलाही कोणी कोणी करतं. विचारलं की म्हणतात, माझ्या रानात यायचं कशाला? माझं रान, माझी तार. हेच म्हणणं साठ वर्षांपूर्वी सुप्रीम कोर्टासमोर आलं होतं, चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य, १९६३. त्या माणसानं आपल्या संडासाला उघडी तार लावून करंट सोडला होता, कारण शेजारच्या बाया येऊन तो वापरायच्या. एक बाई चिकटून मेली. त्यानं संरक्षणाच्या हक्काचं बोलणं केलं. कोर्टानं ते मानलं नाही आणि शिक्षा कायम केली. परवानगीशिवाय आलेल्या माणसालासुद्धा असं सापळा लावून मारता येत नाही.

मला हे सरळ वाटतं. काठी हातात असते तेव्हा समोर कोण आहे ते डोळ्याला दिसतं. चोर आहे का, चुकलेला वाटसरू आहे का, दारे धरायला आलेला आपलाच गडी आहे का. तारेला डोळे कुठं आहेत? तुम्ही घरात झोपलेले असता. झोपलेल्या माणसावर हल्ला होत नव्हता, मग तो संरक्षण कशाचं करत होता? ज्यांना डुकरांचा त्रास आहे त्यांनी झटका मशीन बसवा. सोलरवर चालतं, झटका बसतो आणि जनावर मागं फिरतं, चिकटून मरत नाही. आकड्याच्या करंटला आणि झटका मशीनला एकच समजणारे लोक अजून आहेत, म्हणून लिहिलं.

बिबट्याचंही थोडक्यात सांगतो. ऑक्टोबर २०२१ मध्ये आपल्या हडपसरच्या साडेसतरा नळी भागात सकाळी फिरायला निघालेल्या माणसावर बिबट्यानं हल्ला केला होता, म्हणजे हा विषय फक्त जुन्नरचा राहिलेला नाही. आणि २०२५ च्या शेवटी शिरूरच्या पिंपरखेड परिसरात वीस-बावीस दिवसांत दोन लेकरं आणि एक म्हातारी गेली, तेव्हा लोकांचा संताप काय होता ते सगळ्यांनी बघितलं. वन्यजीव कायदा १९७२ चा, त्याच्या कलम ११ मध्ये सोय आहे. स्वतःला किंवा दुसऱ्याला वाचवताना, चांगल्या हेतूनं जनावर मारलं किंवा जखमी केलं तर गुन्हा नाही. फक्त त्या वेळी तुम्ही दुसरा एखादा गुन्हा करत नसला पाहिजे. अंगावर आलेल्या बिबट्याला कोयता घाला, कोणी काही म्हणणार नाही. पण दुसऱ्या दिवशी फासे लावणं, मांसात विष घालणं, हे पुन्हा तेच, धोका गेल्यावरचं काम. त्याला वन विभागाचा १९२६ नंबर आहे, पिंजरा मागा, भांडून मागा.

हडपसरला चोरापेक्षा, बिबट्यापेक्षा मोठी भीती तिसरीच आहे, आणि ती दिवसाढवळ्या येते. ताबेमारी. गुंठ्याला सोन्याचा भाव आला तेव्हापासून जेसीबी, दहा-पंधरा बाउन्सर आणि पत्र्याचं कंपाउंड घेऊन लोक सकाळी सकाळी रानात उभे राहतात. हातात कसलं तरी खरेदीखत. इथं तुमचा हक्क बऱ्यापैकी पक्का आहे. १९६७ चा मुन्शीराम निकाल दिल्लीकडच्या जमिनीचा. कूळ वर्षानुवर्षं कसत होतं, नवा मालक कागद घेऊन ट्रॅक्टरसह आला, मारामारी झाली. कोर्टानं कुळाच्या माणसांना सोडलं. ज्याचा शांतपणे, मुरलेला ताबा आहे त्याला खऱ्या मालकानंसुद्धा कायद्याच्या वाटेनंच काढलं पाहिजे, मनगटाच्या जोरावर नाही. पण ताबा मुरलेला आहे हे दिसायला पाहिजे. त्यासाठी उभं पीक हा सगळ्यात मोठा साक्षीदार आहे. ई-पीक पाहणी २०२१ पासून मोबाईलवर आहे, तरी निम्मे लोक ती करत नाहीत, अनुदान नसेल तर कशाला करायची म्हणतात. दरवर्षी करा. सातबाऱ्यावर तुमच्या पिकाची नोंद आणि फोटो असेल तर उद्या बाउन्सरपुढं उभं राहिल्याबद्दल कोर्टात उभं राहावं लागलं, तेव्हा तो फोटो वकिलापेक्षा जास्त बोलेल.

कोर्टात उभं राहावं लागणारच, हे धरून चला. मेसेजमध्ये अटक होत नाही लिहिलंय ते साफ खोटं. माणूस मेला तर गुन्हा नोंद होतो, अटक होते, आणि स्वसंरक्षण होतं हे दाखवायची जबाबदारी तुमच्यावर असते. शंभर टक्के सिद्ध करावं लागत नाही, तसं घडलं असण्याची शक्यता जास्त आहे एवढं दाखवलं तरी चालतं. पण तेवढ्यालाही किती वर्षं? वर दर्शन सिंगचं सांगितलं ना, ती घटना १९९१ ची. खालच्या कोर्टानं सोडलं, हायकोर्टानं शिक्षा दिली, सुप्रीम कोर्टानं २०१० मध्ये परत सोडलं. एकोणीस वर्षं. बरोबर असून एकोणीस वर्षं! कायद्याबद्दल माझी तक्रार आहे ती एवढीच, आणि ती छोटी नाही. हक्क कागदावर द्यायचा आणि तो वापरलेल्या माणसाची उमर तारखांत घालवायची, ही कसली रीत?

म्हणून प्रसंग घडलाच तर लगेच ११२ ला फोन करा, फोनची वेळ नोंदली जाते. तुम्हाला लागलं असेल तर ते दाखवायला लाजू नका, सरकारी दवाखान्यात एमएलसी करून घ्या. आपली माणसं डोकं फुटलं तरी हळद लावून बसतात, आणि समोरच्याच्या जखमेचा कागद होतो, आपल्या जखमेचा होत नाही. जागा धुऊ नका, त्याचा कोयता, कटर उचलू नका. आणि खरं तेच सांगा. अर्धी गोष्ट लपवली की उरलेली खरी गोष्टही कोर्ट मानत नाही.

शेवटचं, सरकारला. आम्ही रात्री दोन वाजता काठी घेऊन रानात कशाला असतो? हौस म्हणून नाही. शेतीची लाइट रात्रीची असते म्हणून. पाळी रात्रीची आली की बिबट्या, साप, चोर, सगळ्यांची गाठ तिथंच पडते. दिवसा सोलरवर वीज देऊ म्हणून योजना आलीय, काही फीडरवर मिळतेही, तिथले शेतकरी सांगतात की रात्रीचं रानात जाणंच बंद झालं. आमच्याकडं अजून पाळ्याच आहेत. तुमच्याकडं लाइटच्या पाळ्या कशा आहेत, दिवसा किती तास आणि रात्री किती, ते खाली गावाच्या नावासकट लिहा. सगळं एकत्र करून अर्ज द्यायचा विचार आहे.